पूड, पीठ आणि प्रमाण

आपल्यापैकी कुणाच्याही घरातली पॅन्ट्री उघडून बघा. वरच्या फळीवर बेकिंग पावडर, कॉर्नस्टार्च, कोको, दुधाची पावडर आणि गुलाबजाम मिक्सची दोन पाकिटं. मधल्या फळीवर बेसन, तांदळाचं पीठ, रवा, मैदा. आणि सगळ्यात खाली, तीन-तीन पिशव्यांत गुंडाळून, रबरबँड लावून ठेवलेला खरा ऐवज : गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, आईनं डंकावरून कुटून आणलेलं तिखट. भारतातून परतताना विमानतळावर कस्टमवाल्यानं ह्या पिशव्यांकडे बोट दाखवून "हे काय?" असं विचारलं, की "पावडर" हा शब्द तोंडातून काढायची आपली छाती होत नाही!

तर मंडळी, ह्या पुडींचाच इतिहास आज सांगायचा आहे. त्याला कारणही आहे. मंडळाच्या पॉटलकला एखादीनं गुलाबजाम आणले आणि कुणी तोंडभर कौतुक केलं, की ती लगेच खालच्या आवाजात म्हणते, "अगं, पाकिटातलेच आहेत." जणू काही गुन्हा कबूल करते आहे. पावडर म्हणजे शॉर्टकट, पावडर म्हणजे आळस, 'खरा' स्वयंपाक तो वेगळाच, असं आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसलेलं आहे. पण थोडं मागे जाऊन पाहिलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं. पूड हे मुळात दूर गेलेल्या माणसाचं अन्न आहे. आणि पुडीच्या बाबतीत खरा प्रश्न आळसाचा नाहीच. तो आहे प्रमाणाचा. पुडीत काय आणि किती घातलंय, हे कुणाला ठाऊक आहे, हा.

पाणी काढलं की काळ थांबतो

अन्न नासतं ते मुख्यतः त्यातल्या ओलीमुळे. बुरशी असो की जिवाणू, जगायला त्यांना पाणी लागतं. गाईच्या दुधात शंभर भागांत साधारण ८७ भाग पाणी असतं, आणि म्हणून ते दुपारपर्यंत नासतं. तेच दूध वाळवून पाण्याचा अंश तीन-चार टक्क्यांवर आणला की महिनोन् महिने टिकतं. शिवाय वजन कमी होतं, ते वेगळंच. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला ह्याहून अधिक काय हवं?

ही युक्ती फार जुनी आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोनं मंगोल घोडेस्वारांबद्दल लिहून ठेवलंय. ते दूध उकळून वरची साय काढून घेत आणि उरलेलं उन्हात वाळवत. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळ असं पाच-एक किलो वाळलेलं दूध असे. सकाळी त्यातलं थोडं कातडी पिशवीत पाण्याबरोबर घालायचं आणि घोड्यावर बसायचं. दिवसभराच्या दौडीत ते घुसळलं जाई, आणि संध्याकाळी जेवण तयार! इन्स्टंट फूड म्हणतात ते हेच की.

आपल्याकडेही निराळं नव्हतं. सातूचं पीठ घ्या. गहू आणि डाळं भाजून दळलेलं पीठ, त्यात गूळ आणि पाणी किंवा दूध कालवलं की झालं. चूल पेटवायचीसुद्धा गरज नाही. मेतकूट घ्या. डाळी, तांदूळ, मेथ्या, हळद, हिंग हे सगळं भाजून केलेली ती पूड गरम भातावर तुपाबरोबर घातली की आजारी माणसाच्या तोंडालाही चव येते. कुळथाचं पीठ, नाचणीचं सत्त्व, उडदाचं डांगर, उपासाचं राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ, दाण्याचं कूट... यादी संपायची नाही. आपल्या स्वयंपाकातून पुडी आणि पिठं काढून टाकली तर काय उरेल ह्याचा विचार करून बघा. घरात भाजी नाही, पाहुणा दारात, अशा वेळी धावून येणारं पिठलं हे तर नावापासूनच पिठाचं आहे.

तेव्हा 'पावडर' साहेबांनी आणली, हे काही खरं नाही. साहेबांच्या आधीही आपली फडताळं पुडींनीच भरलेली होती.

जात्याचा हिशोब

फरक होता तो हा, की ती पूड कुणीतरी घरीच, हातानं करत होतं. पहाटे उठून जात्यावर दळणारी बाई हे महाराष्ट्रातल्या गावागावांतलं शेकडो वर्षांचं चित्र. त्या दळणातूनच ओव्या जन्माला आल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळू लागल्या. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, एवढंच काय बाबासाहेब आंबेडकरसुद्धा त्या ओव्यांमध्ये आहेत.

ओव्यांचं कौतुक जरूर करावं. पण ते करताना हेही विसरू नये की ते कष्ट होते, आणि ते टाळायची मुभा नव्हती. गावात पिठाची गिरणी आली, त्या दिवशी कितीतरी बायकांच्या खांद्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. जातं गेलं ह्याचं दुःख करणाऱ्यांनी अर्धा किलो ज्वारी एकदा जात्यावर दळून बघावी, एवढंच म्हणेन.

मात्र जातं जाऊन गिरणी आली तरी एक गोष्ट बाईच्याच हातात राहिली, ती म्हणजे प्रमाण. गिरणीवाला फक्त दळून देत असे. डब्यात काय घालायचं, किती भाजायचं, जाडसर दळायचं की बारीक, हे ती सांगे. "भाजणीच्या आधी गहू दळू नका हो, बेसनावर घाला," अशी सूचनाही ती करी, कारण आधीच्या दळणाचं थोडं पीठ गिरणीत राहतंच.

चकलीच्या भाजणीचंच बघा. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, आणि अंदाजानं धने-जिरे. हे जुनं, सर्वमान्य प्रमाण. कुणी त्यात मूठभर पोहे घालतं, कुणी मुगाची डाळ. पण चार-दोन-एक हा सांगाडा बहुतेक घरांत सारखा. आणि ह्यातली गंमत अशी, की त्याला ना ग्रॅम लागतात ना औंस. वाटी पुण्याची असो की इथला मेजरिंग कप, गुणोत्तर तेच राहतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनंही आपल्या मुलीला, नातीला बिनचूक देता यावं असं ते शास्त्र आहे. त्यामागे तर्कही आहे : तांदळानं कुरकुरीतपणा येतो, हरभऱ्याच्या डाळीनं खुसखुशीतपणा आणि चव, उडदानं पीठ एकमेकांना धरून राहतं. उडीद जास्त झाला तर चकली कडक होते, कमी पडला तर तळणीत तुटते.

सोडा, आंबटपणा आणि एक प्रोफेसर

आता जरा पश्चिमेकडे वळू. तिकडच्या बायकांपुढेही एक अवघड कोडं होतं. यीस्टनं पाव फुगायला तासन् तास लागायचे. म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पिठात घालायला सुरुवात झाली. अमेलिया सिमन्स ह्या बाईंच्या १७९६ सालच्या 'अमेरिकन कुकरी' ह्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे पापडाच्या पिठात पापडखार घालतात, त्याच्याच कुळातली ही गोष्ट. पुढे खाण्याचा सोडा आला. सोड्याला आंबट काही भेटलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि पीठ हलकं होतं. म्हणून सोड्याबरोबर ताक घालायची पद्धत पडली. ढोकळ्यात आपण दही घालतो, तसंच. पण ताक आज किती आंबट, उद्या किती, ह्याचा काही नेम नाही. म्हणजे पुन्हा प्रश्न प्रमाणाचाच!

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडी चालत नसत आणि यीस्टही चालत नसे. तिच्यासाठी म्हणून त्यानं १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याला ताजा पाव मिळावा म्हणून त्याची ही पावडर वापरली गेली. पुन्हा घरापासून दूर गेलेली माणसं, पुन्हा पूड.

ह्या कस्टर्डचा पुढचा प्रवास आपल्याला जवळचा आहे. कॉर्नफ्लॉवर, रंग आणि व्हॅनिलाचा वास, एवढाच मामला. अंड्याचं नाव नाही. त्यामुळे शाकाहारी घरातही ती बिनदिक्कत शिरली. १९५६ मध्ये पुण्यात मल्होत्रा बंधूंनी 'वीकफील्ड' सुरू केली आणि कस्टर्ड पावडरचा डबा मध्यमवर्गीय मराठी घरांत पोचला. वाढदिवसाला, केळवणाला, मुंजीच्या पंगतीला फ्रूट सॅलड आलं. बर्मिंगहॅममधल्या एका बाईला अंडी सोसत नव्हती, त्याचा फायदा शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्या पेठांमधल्या मंडळींना झाला!

इकडे अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड हे हार्वर्डचे प्रोफेसर ह्याच प्रश्नाच्या मागे लागले होते. जर्मनीत लीबिग ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाकडे ते शिकले होते. सोड्याबरोबर त्या काळी क्रीम ऑफ टार्टर वापरत. ते युरोपातून, वाइनच्या पिंपांतल्या गाळापासून येई, म्हणून महाग पडे. हॉर्सफर्डनी त्याऐवजी कॅल्शियमचं आम्लधर्मी फॉस्फेट वापरलं आणि १८५६ मध्ये पेटंट घेतलं. आधी हे फॉस्फेट हाडांपासून काढत असत. पुढे खनिजापासून काढू लागले, हे शाकाहारी वाचकांच्या समाधानासाठी सांगून ठेवते.

एक अडचण उरली होती. सोडा आणि आम्ल एकाच डब्यात ठेवलं, तर हवेतली ओल लागून ते डब्यातच एकमेकांशी भांडून मोकळे होत. त्यावर १८६९ मध्ये तोडगा निघाला : त्यात कॉर्नस्टार्च मिसळायचं. ते ओल शोषून घेतं आणि दोघांना वेगळं ठेवतं. आज आपल्या कपाटातल्या डब्यात हीच तीन मंडळी नांदत असतात, सोडा, आम्ल आणि मध्ये शांतपणे बसलेलं कॉर्नस्टार्च. ऱ्होड आयलंडमधल्या ह्या संशोधनाला अमेरिकन केमिकल सोसायटीनं २००६ मध्ये राष्ट्रीय रासायनिक वारसास्थळाचा मान दिला. इन्स्टंट ढोकळ्यात आपण जे इनो घालतो, त्याचंही तत्त्व तेच : कोरडा सोडा, कोरडं आम्ल, आणि पाणी पडेपर्यंत गुपचूप वाट बघायची.

ह्या साध्या पावडरीवरून राजकारणही झालं, बरं का. 'रॉयल' कंपनीची पावडर क्रीम ऑफ टार्टरची. स्पर्धक कंपन्यांची तुरटीच्या जातीच्या ॲल्युमिनियमच्या क्षाराची, त्यामुळे खूप स्वस्त. १८९९ मध्ये मिसुरी राज्यानं ॲल्युमिनियमवाल्या पावडरीवर बंदी घालणारा कायदा केला. १९०३ मध्ये उघडकीला आलं की त्यामागे आमदारांना चारलेली लाच होती. राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरला राजीनामा द्यावा लागला आणि १९०५ मध्ये कायदाही मागे घेतला गेला. चमचाभर पुडीत काय असावं, ह्यावरून सरकारं हलली. कारण आता प्रमाण घरात नव्हतं. ते कारखान्यात गेलं होतं, आणि जिथे प्रमाण तिथे पैसा.

दुधाची पावडर : भीक आणि स्वाभिमान

दुधाच्या पावडरीचं पेटंट इंग्लंडमध्ये १८५५ मध्ये ग्रिमवेड ह्या गृहस्थांनी घेतलं. दूध बारीक फवाऱ्यानं गरम हवेत उडवून वाळवायच्या पद्धतीचं पेटंट १८७२ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल पर्सी ह्यांनी घेतलं. पण आपल्या दृष्टीनं खरी कहाणी पुढेच आहे.

मुंबई शहराला दूध पुरत नव्हतं. तिथले मिल्क कमिशनर दारा खुरोडी ह्यांनी १९४६ च्या सुमारास एक शक्कल काढली. म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळायचं, म्हणजे स्निग्धांश कमी होतो, दूध वाढतं आणि स्वस्तात विकता येतं. हेच ते 'टोन्ड' दूध. मुंबईच्या चाळींतून वाढलेल्या कितीतरी पिढ्या ह्या दुधावर पोसल्या.

पण पावडर यायची परदेशातून. भारतात दूध मुख्यतः म्हशीचं, आणि म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञांचं ठाम मत होतं. त्यात स्निग्धांश आणि घन पदार्थ जास्त, ही मुख्य अडचण. आणंदच्या दूध सहकारी संघातले हरिचंद दलाया ह्यांना हे मान्य नव्हतं. दलाया आणि वर्गीस कुरियन दोघेही इथलेच, मिशिगन स्टेटचे विद्यार्थी. दलायांनी प्रयोग करून ते जमवलं, आणि १९५५ मध्ये आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. जास्तीच्या दुधाची पावडर करून ठेवता आली नसती, तर शेतकऱ्यानं हिवाळ्यात दूध मातीमोल विकलं असतं. पावडरीनं त्याची ही कोंडी फोडली. १९६३ मध्ये खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल ह्या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ह्या पावडरीची दुसरी बाजूही आपल्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. शाळेत वाटलं जाणारं परदेशी पावडरीचं दूध अनेकांनी नाक दाबून प्यायलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामावरच्या मजुरांना सुकडी वाटली जायची, तीही कोरडी, गोडसर पूडच. त्या पुडीनं जीव वाचवले. पण ज्या पुडीचं प्रमाण आपल्या हातात नाही, ती खाताना मान थोडी खाली जाते, हेही तेवढंच खरं. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं, तेव्हा युरोपातली जास्तीची पावडर आणि लोण्याचं तेल देणगी म्हणून भारताला मिळालं. ते फुकट वाटलं असतं तर आपला शेतकरी बुडाला असता. कुरियननी त्याचं दूध करून मोठ्या शहरांत रास्त भावानं विकलं, आणि आलेला पैसा गावोगावच्या सहकारी दूध संघांत घातला. १९९८ च्या सुमारास भारतानं दूध उत्पादनात अमेरिकेलाही मागे टाकलं. पावडर तीच. एकदा ती लाचारी ठरते, एकदा भांडवल. फरक तिचा हिशोब कोण मांडतो, ह्याचा.

सगळं एकाच खोक्यात

पुडी एकत्र करून खोक्यात भरायची कल्पनाही बहुतांशी अमेरिकेची. १९३० मध्ये जनरल मिल्स कंपनीचे एक अधिकारी, कार्ल स्मिथ, आगगाडीनं प्रवास करत होते. अवेळी गरमागरम बिस्किटं मिळाली म्हणून त्यांनी चौकशी केली, तर आचाऱ्यानं मैदा, चरबी, मीठ आणि बेकिंग पावडर आधीच मिसळून ठेवलेलं! त्यावरून पुढच्याच वर्षी 'बिस्क्विक' बाजारात आलं. त्याच सुमारास पिट्सबर्गच्या डफ कंपनीनं केक मिक्सची पेटंटं घेतली. पुडीतलं अंडं काढून बाईला ताजं अंडं घालायला लावलं आणि मगच केक मिक्स खपलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली असेल. ती नेहमी १९५० च्या दशकातल्या एका मानसशास्त्रज्ञाच्या नावावर सांगतात. प्रत्यक्षात ताज्या अंड्याची सोय डफच्या १९३५ च्या पेटंटमध्येच होती. पण गोष्ट टिकली, कारण तिच्यात सत्याचा अंश आहे : स्वयंपाक करणाऱ्याला आपला हात लागल्याशिवाय समाधान वाटत नाही.

भारतातही हे घडलंच. गिरगावात १९१० मध्ये सुरू झालेलं बेडेकरांचं दुकान, पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेले प्रवीण मसालेवाले, ह्यांनी घरचा मसाला पाकिटात आणला. बेंगळुरूच्या मावळी टिफिन रूमचं, म्हणजे एमटीआरचं, आणीबाणीच्या काळात हॉटेल चालवणं सक्तीच्या कमी दरांमुळे परवडेना, तेव्हा त्यांनी रवा इडलीच्या मिक्सवर भर दिला. मुंबईत नोकरीला निघालेल्या बायकांना ह्या पाकिटांनी केवढा आधार दिला, हे त्यांनाच विचारावं.

वाडग्यात भेटलेला इतिहास

आणि आता आपले गुलाबजाम. १९६५ च्या कायद्यानंतर आपली मंडळी अमेरिकेत मोठ्या संख्येनं आली, तेव्हा इथे खवा कुठला? शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं, तेही १९७४ मध्ये. मग दिवाळीला करायचं काय?

कुणा अज्ञात अन्नपूर्णेनं दुधाची पावडर आणि बिस्क्विक एकत्र केलं, हेवी व्हिपिंग क्रीममध्ये मळलं, तळलं, पाकात टाकलं. ही कृती घरोघर, फोनवरून, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरून पसरली. कुणाचं प्रमाण दोनास एक, कुणाचं तीनास एक.

ही कृती जमते का, हे बघण्यासारखं आहे. खवा म्हणजे तरी काय? दुधातलं पाणी आटवलं की खवा. अजून आटवलं की पावडर. म्हणजे दोघं सख्खी भावंडं. पण इथल्या ग्रोसरीत मिळणारी पावडर बहुधा बिनस्निग्धांशाची, नुसती वापरली तर गुलाबजाम दगड होतात. गेलेली साय क्रीमनं परत दिली. गोळा धरून ठेवायला मैदा बिस्क्विकनं दिला, मोहन त्यातल्या तुपा-तेलानं, आणि हलकेपणा त्यातल्या बेकिंग पावडरनं. म्हणूनच बिस्क्विक जास्त झालं तर गुलाबजाम कढईत फुटतात, आणि मळून फार वेळ ठेवलं तर पावडरीचा जोर आधीच निघून जातो. जिनं हे प्रमाण बसवलं तिनं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नसेल, पण चकलीची भाजणी नक्की केली असणार. चार-दोन-एक ज्या डोक्यात पक्कं बसलंय, तेच डोकं परक्या पुडींमधून आपला पदार्थ उभा करू शकतं.

हार्वर्डच्या प्रोफेसरांचं फॉस्फेट, आगगाडीतल्या आचाऱ्याची युक्ती आणि दूध वाळवायची मंगोलांइतकी जुनी विद्या, हे सगळे एका मराठी बाईच्या वाडग्यात भेटले. ह्याला शॉर्टकट म्हणायचं? मी तर ह्याला संशोधन म्हणेन.

करी पावडरचा धडा

मग काळजी कसली? काळजी आहे, आणि तिचं नाव करी पावडर.

१७४७ साली हॅना ग्लास ह्या बाईंनी इंग्लंडमध्ये छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात 'करी'ची कृती आहे. त्यात धने स्वच्छ फावड्यावर भाजून कुटायला सांगितले आहेत. हसू नका, भाजून कुटायचं, एवढं तरी त्यांना कळलं होतं! पण १७८४ पर्यंत लंडनच्या पिकॅडिलीमधल्या एका अत्तरांच्या दुकानातून तयार करी पावडर विकली जाऊ लागली. कोकणचा, घाटावरचा, बंगालचा, मद्रासचा, सगळे मसाले मिळून एकच पिवळी पूड. भाजीला तीच, कोंबडीला तीच. त्या इंग्रज घरांतल्या पुढच्या पिढ्यांना धने वेगळे, जिरे वेगळे, हे कळायचं कारणच उरलं नाही. चव राहिली, पण ती कशी लागली हे सांगणारं कुणी राहिलं नाही.

आपल्या घरात उद्या हे होणार नाही कशावरून? आपली मुलं भाजणीचं थालीपीठ आवडीनं खातात. पण भाजणी म्हणजे काय असं विचारलं, तर "आजी पाठवते ती पावडर" एवढंच त्यांना माहीत असतं. आजीच्या पिशवीवर ना घटक लिहिलेले असतात, ना प्रमाण. ते तिच्या हातात आहे. कंपनीनं निदान पेटंट घेतलं, कागदावर लिहून ठेवलं. आपल्या आयांनी काहीच लिहिलं नाही, कारण मुलगी शेजारी बसून बघेल ह्याची त्यांना खात्री होती. ती मुलगी आता आठ-दहा हजार मैलांवर आहे.

म्हणून ह्या दिवाळीत एक करू या. आईला, सासूबाईंना, मावशीला, जी कुणी भाजणी-मसाला करते तिला फोन करून प्रमाण विचारू या. "अंदाजानं घालते गं" हे उत्तर मान्य करायचं नाही! वाटी किती मोठी, कुठली डाळ आधी भाजायची, रंग कुठवर येऊ द्यायचा, दळण जाडसर की बारीक, सगळं लिहून घ्यायचं. जमलं तर व्हिडिओ कॉलवर बघायचं आणि मुलांना शेजारी बसवायचं. पुढच्या वेळी भारतात गेलात तर तिच्या वाटीत किती ग्रॅम तांदूळ मावतो ते एकदा काट्यावर मोजून आणा. इथे कॉफी ग्राइंडर आहे, मिक्सर आहे. वर्षाकाठी एकदा किलोभर भाजणी घरी करणं काही अशक्य नाही. एरवी खुशाल पाकीट फोडा, त्यात कमीपणा कसला? पूड विकतची असो नाहीतर घरची, प्रमाण मात्र घरात असू द्या.

पाकिटातले गुलाबजाम मंडळाच्या फराळाला जरूर आणा, आणि कौतुक झालं तर ताठ मानेनं "थँक्यू" म्हणा.

सर्वांना दिवाळीच्या खुसखुशीत शुभेच्छा!